‘मी मुलगी आहे’ असं चार वर्षांचा मुलगा म्हणतो तेव्हा: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी समुपदेशक आहे. बालवाडी आणि प्राथमिक शाळेतल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात. जेवणाचा त्रास, अंथरूण ओलं करणं, चावणं, मोबाइलचा हट्ट यांबद्दल ते खुर्चीत बसून बोलतात. हा विषय मात्र निघतो तो दाराशी चप्पल घालताना. ‘आणखी एक विचारायचं होतं. म्हणजे तसं काही नाहीये, पण...’ दाराशी विचारलेल्या त्या प्रश्नांची उत्तरं इथे बसून, सावकाश लिहिली आहेत. ती साधारण दोन ते आठ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहेत.

आपण मुलगा की मुलगी, हे मुलांना कधी कळायला लागतं?

दीड-दोन वर्षांच्या सुमारास मूल माणसांमध्ये बाई आणि पुरुष असा फरक करू लागतं. तिसऱ्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं ‘तू कोण?’ या प्रश्नाला ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असं उत्तर देतात. पण हे कायम राहणारं असतं, ही समज खूप नंतर येते. लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये याच्या पायऱ्या मांडल्या. बाहेरचं रूप बदललं तरी माणूस तोच राहतो हे मुलाला पक्कं कळायला सहावं-सातवं वर्ष उजाडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तोवर मुलाच्या हिशेबात केस कापले की मुलीचा मुलगा होतो आणि बाबांनी साडी नेसली की त्यांची आई होते. ‘मी मोठी झाले की दादा होणार’ असं तीन वर्षांची मुलगी म्हणते तेव्हा ती अगदी मनापासून बोलत असते. तेवढ्यावरून दचकायचं काही कारण नाही.

माझा मुलगा ‘मी जाते’, ‘मी खाते’ असं बोलतो. काळजी करावी का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो, आणि तो आपल्या भाषेमुळे येतो. ‘आय ॲम गोइंग’ म्हणणाऱ्या मुलाला स्वतःबद्दल काहीच जाहीर करावं लागत नाही. मराठीत ‘मी येतो’ की ‘मी येते’ हे ठरवल्याशिवाय येण्याजाण्याचं साधं वाक्यही बोलता येत नाही.

आता तो दिवसभर कुणाचं ऐकतो ते आठवा. आई, आजी, सांभाळणाऱ्या मावशी, बालवाडीच्या ताई. सगळ्या ‘मी आले’, ‘मी देते’ म्हणतात, मग तोही तेच म्हणतो. भरीला आपण मुलीला लाडाने ‘काय रे बाळा’, ‘ये रे माझ्या सोन्या’ अशी हाक मारतो. कोल्हापूरकडे तर मुली आणि बायका सहज ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात, आणि तिथे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तेव्हा दोन-तीन वर्षांच्या मुलाचं क्रियापद चुकलं तर तो भाषा शिकतो आहे, इतकंच. दरडावू नका. ‘तू खातोस? खा की’ असं आपल्या बोलण्यातून बरोबर रूप त्याच्या कानावर पडू द्या.

चार-पाच वर्षांचं मूल इतर सगळ्यांबद्दल अचूक बोलतं, ‘बाबा आले’, ‘ताई आली’, ‘दादा गेला’, आणि फक्त स्वतःबद्दल ठरवून वेगळं रूप वापरतं, दुरुस्त केलं की गप्प होतं किंवा संतापतं, तेव्हा मात्र कान द्यायला हवा. एका आईने सांगितलेलं माझ्या मनातून जात नाही. तिचा मुलगा सगळ्यांसमोर ‘मी येतो’ म्हणायचा. एकदा ती कणीक मळत होती आणि तो पलीकडच्या खोलीत बाहुलीशी एकटाच खेळत होता. तिला ऐकू आलं, ‘थांब हं, मी आलेच.’ ती तशीच पिठाच्या हातांनी दारात उभी राहिली. पुढे तीन महिने तिने हे नवऱ्यालाही सांगितलं नाही. पाच वर्षांच्या मुलाला कुणासमोर कसं बोलायचं हे कळलं होतं, याचं तिला सर्वांत वाईट वाटत होतं. त्यावरून मीही कसला निष्कर्ष काढला नाही. तिला एवढंच सांगितलं, की त्याने तुझ्यासमोरही बाहुलीसमोर बोलतो तसं बोलावं, असं घर ठेव.

मुलगा बांगड्या, टिकली, ओढणी मागतो. मुलगी फ्रॉक घालतच नाही, केस कापून मागते. म्हणजे ‘तसं’ काही आहे का?

बहुतेक वेळा नाही. आवड वेगळी आणि ओळख वेगळी. टॉवेल डोक्यावर बांधून ‘हे माझे लांब केस’ म्हणत आरशासमोर गिरक्या घेणारी मुलं हजारो असतात. त्यांना टॉवेलची, गिरकीची, आईसारखं दिसण्याची मजा वाटते. झाडावर चढणारी, फ्रॉक भिरकावून देणारी मुलगी तर आपल्या प्रत्येक नात्यागोत्यात एक तरी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही स्पष्ट म्हटलं आहे, की केवळ वागणं आणि आवडीनिवडी यांवरून लहान मुलाबद्दल निदान करता येत नाही.

आपल्याकडे हे सगळं परकंही नाही. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून मुलाचं नाक टोचून त्याला नथ घालायची रीत होती. ‘नथू’ हे नाव त्यातूनच आलं. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) रंगभूमीवर नेसलेल्या साड्यांची आणि त्यांच्या केशरचनेची नक्कल चांगल्या घरांतल्या बायका करत. याचा अर्थ ते सगळे पुरुष स्वतःला बाई समजत होते असा मुळीच नाही. कपडा आणि ओळख यांचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नसतो, एवढंच यातून दिसतं. तेव्हा बांगड्या मागितल्या तर द्या. चार दिवस खेळेल आणि पलंगाखाली टाकून देईल, किंवा टाकणारही नाही.

मग खरोखर वेगळी ओळख असेल तर ती कशावरून कळते?

तज्ज्ञ ढोबळमानाने तीन गोष्टी बघतात. मूल तेच सातत्याने म्हणतंय का, ठामपणे म्हणतंय का आणि दीर्घकाळ म्हणतंय का. ‘मला मुलगी व्हायचंय’ आणि ‘मी मुलगी आहे’ यांतला फरक ऐका. स्वतःच्या शरीराबद्दल त्रास होतो का, अंघोळीच्या वेळी रडारड होते का, ‘हे कधी गळून पडेल?’ असे प्रश्न येतात का, तेही पाहा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या अकराव्या आवृत्तीत शरीर आणि ओळख यांतली ही विसंगती सुमारे दोन वर्षं टिकलेली असणं अपेक्षित आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ २०१३ पासून जी नियमावली वापरतात तीत किमान सहा महिने आणि त्याबरोबर मुलाला होणारा त्रास, अशी अट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढला आहे. तो बदल २०१९ मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. संघटनेच्या लेखी हा मनोविकार राहिलेला नाही. नातेवाइकांना सांगताना ही एक ओळ मला बऱ्याचदा उपयोगी पडली आहे.

आमचं काही चुकलं का? मुलीची हौस म्हणून मी त्याला लहानपणी फ्रॉक घातला होता.

नाही. फ्रॉकने असं होत नाही. घरात सगळ्या बायकाच आहेत म्हणून, वडील नोकरीनिमित्त दूर आहेत म्हणून किंवा गरोदरपणी मुलीची इच्छा धरली म्हणूनही होत नाही. लिंगभावाची, म्हणजे आपण मुलगा की मुलगी याची, जाणीव कशी घडते याचं एकच एक कारण सापडलेलं नाही. ती बाहेरून ठोकून बसवता येत नाही, याचा मात्र एक अत्यंत दुःखद दाखला आहे.

कॅनडातल्या विनिपेग शहरात १९६५ साली जुळे मुलगे जन्मले. आठ महिन्यांचं असताना त्यांतल्या एकाच्या सुंतेची शस्त्रक्रिया बिघडली आणि त्याचं लिंग कायमचं निकामी झालं. जॉन मनी हे तेव्हाचे नावाजलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या सल्ल्यावरून आईवडिलांनी त्याला मुलगी म्हणून वाढवायचं ठरवलं. नाव बदललं, फ्रॉक आले, बाहुल्या आल्या, पुढे हार्मोन दिले गेले. प्रयोग यशस्वी झाल्याचं जगाला सांगितलं गेलं. ते मूल मात्र कधीच मुलगी म्हणून रमलं नाही. चौदाव्या वर्षी वडिलांनी खरं सांगितलं, तेव्हा त्याने मुलगा म्हणून जगायला सुरुवात केली आणि डेव्हिड रायमर हे नाव घेतलं. २००४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली.

एवढा कडेकोट बंदोबस्त करूनही जे जमलं नाही, ते तुमच्या एका हौसेच्या फ्रॉकने झालं असेल, हे मनातून काढून टाका. उलट दिशेनेही हेच लागू आहे. मारून, घाबरवून, क्रिकेटच्या क्लासला घालून मुलाची आतली ओळख बदलत नाही. मूल फक्त ती लपवायला शिकतं.

मूल असं काही बोललं तर त्या क्षणी मी काय बोलू?

हातातलं काम थांबवा आणि सरळ म्हणा, ‘असं वाटतं होय तुला? सांग ना मला.’ मग गप्प बसा. मूल दोन वाक्यं बोलेल आणि खेळायला पळेल. पळू द्या.

तुम्ही होऊन ‘म्हणजे तुला मुलगी व्हायचंय का?’ असं विचारू नका, शब्द त्याच्या तोंडात घालू नका. हसू नका. हे मी जोर देऊन सांगते, कारण मारणारे आईवडील मला कमी भेटतात, हसणारे खूप. नटून आलेल्या मुलाचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला जातो, खाली हसण्याची चित्रं येतात, आणि मुलाला सगळं कळतं. ‘मुलीसारखा रडतोस काय’, ‘बायल्या’, ‘हातात बांगड्या भरल्यास का’ ही वाक्यं घरातून कायमची हद्दपार करा. वेगळी ओळख नसलेल्या मुलालाही ती तितकीच लागतात, आणि शेजारी बसलेल्या बहिणीला मुलगी असणं कमीपणाचं असतं हे शिकवून जातात.

एक वही ठेवा. तारीख, मूल नेमकं काय म्हणालं ते शब्द आणि तेव्हा काय चाललं होतं. तुमचा अर्थ लिहू नका. वर्षभराने ही वही तुम्हालाच सर्वांत जास्त उपयोगी पडेल.

आत्ता ऐकून घेतलं तर ते कायमचं होईल का? मोठेपणी काय होईल?

पूर्वी दवाखान्यांत आणलेल्या मुलांवर झालेल्या अनेक पाठपुराव्यांत बरीचशी मुलं पौगंडावस्थेनंतर पारलिंगी (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेली) म्हणून राहिली नाहीत. त्या अभ्यासांवर आक्षेप असा, की ‘मी मुलगी आहे’ असं कधीच न म्हणालेली, फक्त बाहुल्या आवडणारी मुलंही त्यांत धरली होती. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३१७ मुलं होती. ती कुटुंबाच्या पाठिंब्याने नाव, कपडे आणि सर्वनाम बदलून राहत होती. सुमारे पाच वर्षांनी त्यांतली ९४ टक्के स्वतःला पारलिंगीच म्हणत होती. पण ही मुलं आधीच ठाम असलेली होती आणि त्यांची घरंही तशी होती, हे विसरून चालणार नाही. तुमच्या मुलाचं भविष्य यांतल्या कुठल्याच आकड्यात लिहिलेलं नाही.

मोठ्या बदलांबद्दल, म्हणजे शाळेत नाव बदलणं वगैरे, तज्ज्ञांमध्येही एकमत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये मुलाच्या ओळखीला पाठिंबा देण्याची भूमिका घेतली आणि २०२३ मध्ये ती कायम ठेवली. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या एप्रिल २०२४ च्या अहवालाने लहान मुलांच्या बाबतीत सावधपणा आणि जाणत्या डॉक्टरांचा लवकर सल्ला सुचवला. माझं मत विचाराल तर, प्रेम करायला कुठल्याच अहवालाची वाट पाहू नका आणि मुलाच्या वतीने जाहीर घोषणा करायची घाईही करू नका. घरात मोकळं राहू द्या. परतीची वाट उघडी ठेवा. ‘तुला नंतर वेगळं वाटलं तरी आम्हाला चालेल’ हे त्याला माहीत असलं पाहिजे.

औषध, इंजेक्शन, ऑपरेशन असं काही करावं लागतं का?

या वयात काहीही नाही. वयात येण्याची सुरुवात होण्याआधी हार्मोन किंवा शस्त्रक्रिया कुठलीच वैद्यकीय नियमावली सांगत नाही. पुढे कधी प्रश्न आलाच तर तो तेव्हाचा. सात वर्षांच्या मुलाच्या आईने रात्ररात्र जागून ऑपरेशनचे व्हिडिओ बघू नयेत.

एकाने ‘पंधरा बैठकांत मूल नॉर्मल करून देतो’ असं सांगितलं आहे. जावं का?

जाऊ नका. उतारा, अंगारा, बाबा, तसंच शिक्षेचे किंवा लाज आणण्याचे ‘उपचार’, यांतल्या कशानेही ओळख बदलत नाही, मूल मात्र मोडतं. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये असे ‘बदलून टाकण्याचे’ उपचार थांबवण्याचे आदेश दिले. तो निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी आधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे बसून हा विषय समजून घेतला होता. माणूस कितीही शिकलेला असला तरी इथे नव्याने शिकावं लागतं, हे त्यांनी कबूल केलं याचं मला फार अप्रूप वाटतं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. चांगला समुपदेशक मुलाला बदलायचं आश्वासन देत नाही. तो आधी तुमची भीती ऐकून घेतो.

आजी-आजोबांना कसं सांगायचं?

सगळं एका बैठकीत सांगू नका. ‘पारलिंगी’, ‘लिंगभाव’ हे शब्द पहिल्या दिवशी बाजूला ठेवा. ‘त्याला कुणी हसलं की तो रात्री झोपत नाही, तेवढं नका करू’ हे कुठल्याही आजीला समजतं. एका घरात सासूबाई फार कडक होत्या. सून घाबरत घाबरत बोलली. सासूबाई बराच वेळ वाती वळत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आमच्या गावातला एक असाच मुलगा घरातून हाकलला होता. त्याची आई मरेपर्यंत रस्त्याकडे बघत बसायची.’ नंतर त्या घरात नातवाला कुणी हसलं नाही.

नवरा ऐकतच नाही. मुलाला मारतो.

मारणं आधी थांबलं पाहिजे, पटणं नंतर. बहुतेक वडिलांच्या रागाखाली ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘याला जग फाडून खाईल’ अशी भीती असते. ती बोलायला त्यांना दुसरा पुरुष लागतो. कुटुंबाचा डॉक्टर, मोठा भाऊ, जुना मित्र. अमेरिकेतल्या कुटुंब-स्वीकारावरच्या २००९ मधल्या एका अभ्यासात समलिंगी आणि स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण वाटणारे तरुण होते. घरच्यांनी तीव्रपणे नाकारलेल्यांत आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांचं प्रमाण, फारसं न नाकारलेल्यांच्या आठपटीहून अधिक होतं. आपल्या मुलाला जगाचे धक्के सोसायची ताकद घरातून मिळते, हे वडिलांना सांगा. मार थांबत नसेल तर १०९८ या चाइल्डलाइनला फोन करायला कचरू नका.

शाळेत काय सांगावं?

वर्गशिक्षिकेला भेटा, मुलासमोर नको. तिच्याकडून दोन-तीन ठोस गोष्टी मागा. कुणी चिडवलं तर तिने तिथल्या तिथे थांबवावं. रांगा मुलगे-मुली अशा करण्याऐवजी उंचीने किंवा हजेरी क्रमांकाने कराव्यात. गॅदरिंगला कोळीनृत्यात टोपली घ्यायची की वल्हं, हे मुलांना निवडू द्यावं. स्वच्छतागृहाचं नक्की विचारा. चिडवाचिडवीच्या भीतीने दिवसभर लघवी रोखून धरणारी मुलं असतात आणि त्यांना त्याचा संसर्ग होतो. अशी तक्रार मी डॉक्टरांकडून आलेली पाहिली आहे.

शिक्षकांना याचं प्रशिक्षण मिळत नाही, ही खरी अडचण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्यासाठी शिक्षकांची पुस्तिका काढली होती. आक्षेप येताच ती काही दिवसांत संकेतस्थळावरून हटवली गेली. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

तो पुढे समलिंगी होईल का?

कुणाबद्दल आकर्षण वाटतं तो लैंगिक कल, आणि आपण कोण आहोत ती ओळख. दोन्ही वेगळं आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत कलाचा प्रश्नच येत नाही.

जन्मतःच शरीराची रचना वेगळी असेल तर?

ते आंतरलिंगी मूल, हा वेगळा विषय आहे. त्याला बालरोगतज्ज्ञ आणि हार्मोनतज्ज्ञ लगेच हवेत, कारण काही प्रकारांत शरीरातल्या क्षारांचं संतुलन बिघडून तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतं. पण केवळ ‘दिसायला’ नीट करण्यासाठी घाईची शस्त्रक्रिया नको. मद्रास उच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या निकालानंतर तमिळनाडूने तान्ह्या मुलांवरच्या अशा शस्त्रक्रियांना, जिवाचा प्रश्न नसेल तर, बंदी घातली.

कायदा काय म्हणतो? हिजडे येऊन मूल घेऊन जातात, हे खरं का?

ही भीती पिढ्यान्‌पिढ्या घरांत सांगितली जाते आणि तिने तृतीयपंथी समाजाचं फार नुकसान केलं आहे. त्या समाजातल्या बहुतेकींना घरच्यांनीच दार बंद केलेलं असतं. २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात, मूल पारलिंगी आहे या कारणावरून त्याला आईवडिलांपासून वेगळं करता येणार नाही, अपवाद फक्त मुलाच्या हितासाठी न्यायालयाने दिलेल्या आदेशाचा, असं लिहिलं आहे. त्याआधी १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात आपली लिंगओळख सांगण्याचा माणसाचा हक्क मान्य केला. मुंबईच्या गौरी सावंत त्या लढ्यातल्या एक याचिकाकर्त्या होत्या. कागदपत्रांची मात्र लहान मुलासाठी काहीच घाई नसते. वेळ येईल तेव्हा वकिलाकडून तेव्हाचे नियम पाहून घ्या.

आम्ही स्वतः खचलो आहोत. कुणाशी बोलावं?

सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मराठीतही बोलता येतं. समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींसाठी मुंबईत १९९४ पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट आणि पुण्याचा समपथिक ट्रस्ट आहे. ‘स्वीकार’ हा अशा मुलांच्या आईवडिलांनी आईवडिलांसाठी चालवलेला गट आहे. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाच्या हक्काची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात चालू असताना त्यातल्या चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. त्यांची मुलं मोठी आहेत. ‘आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं’ हे त्यांच्या तोंडून ऐकणं कुठल्याही समुपदेशकापेक्षा जास्त पोचतं. रडू आलं तर रडा, फक्त मुलासमोर ‘तुझ्यामुळे’ म्हणून नको.

मुलाने सरळ विचारलं, ‘आई, मी मोठा झाल्यावर मुलगी होईन का गं?’ तर?

मांडीवर घ्या आणि खरं तेवढंच सांगा. ‘मला माहीत नाही रे राजा. काही मुलांना लहानपणी असं वाटतं आणि नंतर वाटेनासं होतं, काहींना मोठेपणीही वाटत राहतं. तुला जसं वाटेल तसं मला येऊन सांगायचं. मी तुझीच आई असणार आहे.’ मग तो बहुतेक विचारेल, जेवायला काय आहे. तेही सांगा.